पेटली म्हणजे ऑक्सिजनच?

मामा सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. भाची लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत सेफ्टी ऑफिसर आहे. वायूंशी दोघांचाही रोजचा संबंध. पण मामांनी ते परीक्षानळीत धरले, तर भाची ते खिशाला अडकवलेल्या यंत्राच्या पडद्यावर आकड्यांत पाहते. धुमसती काडी, चुन्याची निवळी आणि लिटमसचा कागद यांच्या जोरावर वायू ओळखायला शिकवण्यात आज काही अर्थ आहे का, यावर दोघांचं पटत नाही. त्यांचा हा वाद.

भाची : मामा, स्पष्टच बोलते. आमच्याकडे रसायनशास्त्राचे नवे पदवीधर कामाला येतात. ऑक्सिजन कसा ओळखाल, असं विचारलं की एका दमात सांगतात : धुमसती काडी आत नेली की पेटते. आठवीपासून पाठ केलेलं असतं ना! पण हीच मुलं महिनाभरात रसायनाच्या बंद टाकीच्या तोंडाशी उभी राहणार असतात. तिथे काडी न्यायची कल्पना जरी कुणाच्या डोक्यात आली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

मामा : टाकीत काडी न्या, असं आम्ही कधी शिकवलं नाही. आणि त्यांचं उत्तर चूक आहे का?

भाची : अर्धवट आहे. धुमसती काडी नायट्रस ऑक्साइडमध्येही पेटते. भूल देताना वापरतात तो, लोक ज्याला लाफिंग गॅस म्हणतात. 'पेटली म्हणजे ऑक्सिजन' असं शिकलेल्याला दोन नळ्या दिल्या, तर तो दोन्हींवर ऑक्सिजनचीच चिठ्ठी लावेल.

मामा : काडी का पेटते ते सांग आधी. निखाऱ्याच्या उष्णतेनं नायट्रस ऑक्साइड फुटतो. दोन भाग नायट्रोजन, एक भाग ऑक्सिजन. म्हणजे एक तृतीयांश ऑक्सिजन झाला. साध्या हवेत तो जेमतेम एक पंचमांश. मग काडी पेटणारच. 'हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतोय का?' एवढंच काडी विचारते, आणि त्याचं उत्तर ती खरं देते. तुम्ही तिच्या तोंडी दुसराच प्रश्न घातलात, तर दोष काडीचा नाही.

भाची : पण पुस्तकात प्रश्न तोच छापलेला असतो.

मामा : पुस्तकाचं सोड. ज्याच्या नावावर हा वायू आहे, तो प्रीस्टलीच या काडीला फसला होता. १ ऑगस्ट १७७४. इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये, लॉर्ड शेलबर्नच्या पदरी असताना, त्यानं भलं मोठं भिंग घेऊन ऊन पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटलं. वायू निघाला. त्यात मेणबत्ती धरली तर ती झगमगून जळायला लागली. त्याला वाटलं, ही ज्योत तर आपण आधी पाहिली आहे! कुठे? तर नायट्रस ऑक्साइडमध्ये. तो वायू त्यानं दोनेक वर्षांपूर्वीच तयार केला होता. पुढे कित्येक महिने त्याला आपल्या हाती काय लागलंय, याचा उलगडा झाला नाही.

भाची : म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडताय.

मामा : थांब, पुढे ऐक. त्याच्याकडे दुसरी परीक्षा होती. नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू हवेत मिसळला की त्यातल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, तपकिरी धूर होतो, तो पाण्यात विरघळतो आणि एकूण आकारमान घटतं. जितकी घट जास्त, तितकी हवा श्वासाला चांगली. ही परीक्षा त्यानं १७७५ च्या मार्चमध्ये या नव्या वायूला लावली, आणि तो निदान साध्या हवेइतका चांगला निघाला. नायट्रस ऑक्साइड असता तर असं झालंच नसतं. मग त्यानं काचेच्या भांड्यात उंदीर ठेवला. तेवढ्या साध्या हवेत पाव तास टिकला असता, तो या हवेत अर्धा तास जगला. ज्योत, मग आकारमान, मग उंदीर. एकीनं जे सांगितलं नाही ते दुसरीनं सांगितलं. यंत्र त्याच्याकडे एकही नव्हतं.

भाची : आणि आज दवाखान्यात हा प्रश्न कसा सोडवलाय माहीत आहे? कुणी परीक्षा करतच नाही. भुलीच्या मशीनला लावायच्या छोट्या सिलिंडरच्या तोंडावर ठरावीक जागी भोकं असतात आणि मशीनच्या जोखडावर त्याच जागी खुंट्या. ऑक्सिजनसाठी २ आणि ५ या जागा, नायट्रस ऑक्साइडसाठी ३ आणि ५. एकाचा सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. माणसाच्या हुशारीवर काहीच सोडायचं नाही, हा आमचा धर्म. तुमचा धर्म नेमका उलटा.

मामा : खुंट्यांची युक्ती छानच आहे. पण सिलिंडरमध्ये भरतानाच चूक झाली तर? खुंटी सिलिंडर ओळखते, आतला वायू ओळखत नाही.

भाची : म्हणून तर भुलीच्या मशीनवर रुग्णाकडे जाणारा ऑक्सिजन मोजणारं यंत्रही असतं. शेवटी यंत्रच ना?

मामा : शेवटी दुसरी परीक्षाच ना? बरं, पुढे चल. निवळीवर काय आक्षेप आहे तुझा?

भाची : तोच. चुन्याची निवळी दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड, असं मुलं घोकतात. सल्फर डायऑक्साइडनंही निवळी दुधाळच होते. एकात कॅल्शियम कार्बोनेटचा साका, दुसऱ्यात कॅल्शियम सल्फाइटचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे.

मामा : म्हणूनच वायू आधी आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमधून सोडायचा. नारिंगी द्रावण हिरवं झालं, तर सल्फर डायऑक्साइड आहे. डायक्रोमेट त्याला तिथेच अडवतो. तिथून पार होऊन आलेल्या वायूनं निवळी दुधाळ केली, तर कार्बन डायऑक्साइडही आहे. बाटल्या त्याच, पण क्रम उलटा केलास तर उत्तर हाती लागत नाही. बारावीच्या क्षारांच्या प्रॅक्टिकलला मी कुठल्या बाटल्या मांडल्यात यापेक्षा कुठली आधी मांडली ते बघायचो.

भाची : सगळे शिक्षक बघतात का? मी शिकले तिथे वहीत 'निवळी दुधाळ झाली' असं आधीच लिहून ठेवायचो. तास सुरू होण्याआधी निष्कर्ष तयार!

मामा : त्याला इलाज आहे. मुलांना निवळीत फुंकर मारायला लावायची. श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत ०.०४ टक्क्यांच्या आसपास. क्षणात निवळी पांढरी होते. 'थांबू नका, फुंकत राहा,' असं सांगायचं. हळूहळू ती पुन्हा स्वच्छ व्हायला लागते, कारण जादा वायूनं कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. मग विचारायचं : आता सांगा, वायू आहे की नाही? उशिरा पाहिलेली नळी आणि कधीच दुधाळ न झालेली नळी शेजारी ठेवली, तर ओळखू येत नाहीत. ज्यानं निष्कर्ष घरून लिहून आणलाय, तो इथे अडकतो.

भाची : हं. हे आम्हाला कुणी करायला लावलं नव्हतं.

मामा : शिवाय बाटली उघडी राहिली की निवळीवर पातळ पापुद्रा धरतो. तो हवेतल्या ०.०४ टक्क्यांनी आणलेला. भिंतीला दिलेला चुना वाळून घट्ट होतो, तेही याच रसायनानं. हे तुझ्या पडद्यावरचा आकडा दाखवेल?

भाची : पडद्यावरचा आकडा मला एवढंच सांगतो, की माणसाला आत पाठवू की नको. कामाच्या ठिकाणी मला तेवढंच हवं असतं. बरं, लिटमसकडे या. मुलाखतीत एकाला विचारलं, अमोनिया कसा ओळखाल? 'तांबडा लिटमस निळा होतो.' मी म्हटलं, कोरडा कागद धरून बघ आणि सांग. त्याला कळेचना मी काय विचारतेय.

मामा : प्रश्न चांगला विचारलास. अगदी कोरड्या कागदावर अमोनिया ढिम्म काही करत नाही. तो पाण्यात विरघळला, हायड्रॉक्साइड आयन तयार झाले, की मगच रंग बदलतो. 'ओलसर' हा शब्द पाठांतरात हमखास गळतो. नेहमीच्या वायूंमध्ये आम्लारिधर्मी असा हा एकटाच आहे. म्हणून ओल्या कागदाची ही परीक्षा काडीपेक्षा किती तरी भरवशाची. क्लोरीनचं आणखी वेगळं. ओला निळा कागद आधी लाल होतो आणि मग पार पांढरा पडतो. नुसता 'लाल झाला' म्हणून कागद काढून घेतलास, तर क्लोरीनला हायड्रोजन क्लोराइड समजशील. तुमच्याकडे क्लोरीन असतो ना?

भाची : आहे. नऊशे किलोचे टनर येतात. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांवर असतात तसेच.

मामा : व्हॉल्व्ह गळतोय का, ते कसं पाहता?

भाची : कायम बसवलेले सेन्सर आहेत. एक पीपीएमच्या आतच भोंगा वाजतो.

मामा : भोंगा वाजला. टनर आहेत सहा. गळतोय कुठला आणि नेमका कुठून?

भाची : ... अमोनियाचं पाणी असलेली पिचकारीची बाटली असते. मास्क आणि हवेचा सिलिंडर लावलेला माणूस जोडाजोडांपाशी ती धरतो. बाटलीतली वाफ क्लोरीनला भेटली की अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर उठतो. जिथून धूर निघतो, तिथे गळती.

मामा : अकरावीची परीक्षा! नवसागराचा धूर! आणि मघापासून मला सांगतेस की हे सगळं मोडीत काढा.

भाची : मामा, ती शोधाची पद्धत आहे, ओळखीची नाही. तिथे क्लोरीनच आहे हे आम्हाला आधीच माहीत असतं. अमोनिया फक्त जागा दाखवतो. आणि ती वापरायची परवानगी कुणाला, तर पूर्ण साधनं चढवलेल्याला. वास घेऊन बघणाऱ्याला नाही. तुमच्या प्रयोगशाळेत 'हातानं वारा घालून हळूच वास घ्या' असं शिकवतात ना? ते मला सगळ्यात घातक वाटतं.

मामा : परीक्षानळीतल्या चिमूटभर वायूला?

भाची : सवय नळीपुरती राहत नाही. हायड्रोजन सल्फाइड घ्या. कुजक्या अंड्यांचा वास, हे सगळ्यांना पाठ. पीपीएमच्या शंभराव्या भागाइतका असला तरी नाकाला कळतो. म्हणून वाटतं, नाक आहे तोवर भीती नाही. पण शंभर पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाकाची संवेदनाच मरते. वास जातो आणि माणसाला वाटतं, वायू ओसरला. पाचशेच्या वर गेला की माणूस कोसळतो, हजारच्या घरात तर एकदोन श्वासांत. गटारांत, सांडपाण्याच्या टाक्यांत एकामागोमाग एक माणसं का मरतात? पहिला पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो, आणि वास येत नाही म्हणून त्याला धोका कळत नाही. सुरक्षेची साधनं न देता गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी घातली, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

मामा : नाकाच्या बाबतीत तुझ्याशी वाद नाही. पण म्हणूनच लेड ॲसिटेटचा कागद आहे. ओला करून दोरीनं आत सोडायचा. काळा पडला तर लेड सल्फाइड झालं, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आहे. नाक थकतं, कागद थकत नाही.

भाची : कागद काळा पडला हे कळतं, किती आहे ते कळत नाही. दहा पीपीएमवर माझं यंत्र वाजतं, तेव्हा माणूस अजून चालत बाहेर येऊ शकतो. आणि कागद काळा पडला नाही म्हणजे आत ऑक्सिजन आहे, असंही नाही. प्रश्न चार असतात : ऑक्सिजन पुरेसा आहे का, पेट घेणारा वायू आहे का, कार्बन मोनॉक्साइड आहे का, हायड्रोजन सल्फाइड आहे का. आमचं फोर-गॅस डिटेक्टर चारही एकदम विचारतं.

मामा : हरिपूरची पेवं तुला आठवतात? सांगलीजवळची, हळद साठवायची. जमिनीच्या पोटातली ती कोठारं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवून द्यायचं आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. साठवलेला माल आणि त्यातले कीटक श्वास घेतात, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी साचून राहतो. शाळेत न गेलेल्या माणसांनी ही परीक्षा बसवली आणि तिनं पिढ्यान्‌पिढ्या जीव वाचवले.

भाची : वाचवले, नाकारत नाही. पण कंदील विझतो कधी? ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास आला की. आमचा भोंगा १९.५ ला वाजतो. मधल्या पट्ट्यात कंदील जळत असतो, पण माणसाचा श्वास वाढतो, विचार मंदावायला लागतो. आणि कार्बन डायऑक्साइड नुसताच हवेत मिसळला, समजा आठ टक्के, तर ऑक्सिजन एकोणीसच्या वरच राहतो. कंदील मंद होईल, पण विझेलच असं नाही. त्या हवेत माणसाची काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. जळता कंदील पाहून बिनधास्त उतरलेला माणूस या फटीत सापडतो. आणि पेवाऐवजी शेणखताची किंवा सांडपाण्याची टाकी असेल, आत मिथेन असेल, तर कंदील ही परीक्षा नाही, काडेपेटी आहे.

मामा : म्हणजे कंदील 'नको' म्हणाला तर ऐकावं, 'हो' म्हणाला तर लगेच विश्वास ठेवू नये.

भाची : अगदी. आणि हे 'हो' आणि 'नको' सारख्या वजनाचे नसतात, हे तुमच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे सगळे निष्कर्ष एकाच शाईत. त्यातून कार्बन मोनॉक्साइडला तर तुम्ही काय करणार? रंग नाही, वास नाही, लिटमस बदलत नाही, निवळीला काही होत नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, बंद खोलीतली कोळशाची शेगडी. माणूस झोपेतच जातो.

मामा : एक परीक्षा आहे. पेटवला तर निळ्या ज्योतीनं जळतो, आणि जळून झालेला वायू निवळी दुधाळ करतो. आधी नाही, नंतर होते. नळीत ती उत्तम चालते. शेगडीच्या खोलीत तिचा उपयोग शून्य, हेही खरं. इतका विरळ असतानाच तो मारतो की पेटायचा प्रश्नच येत नाही. म्हणून तर खाणीत पक्षी नेत. जॉन स्कॉट हॉल्डेननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो उपाय सुचवला आणि ब्रिटनच्या खाणींत कॅनरी १९८६ पर्यंत होत्या. छोट्या जिवाचा श्वास भराभर चालतो, तो माणसाआधी कोसळतो.

भाची : आणि त्यांची जागा कुणी घेतली? माझ्या यंत्रानं.

मामा : घेतली, मान्य. आता मी विचारतो. तुझं यंत्र कार्बन मोनॉक्साइड कसं ओळखतं?

भाची : विद्युत-रासायनिक सेन्सर. आत वायूचं इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होतं, त्यातून प्रवाह वाहतो, प्रवाहावरून पीपीएम.

मामा : म्हणजे आतही एक अभिक्रियाच. मग ती फक्त कार्बन मोनॉक्साइडचीच होते?

भाची : ... तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून विचारताय. नाही. हायड्रोजननंही होते. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायची खोली असते. शिशाच्या बॅटऱ्यांतून चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो. तिथे यंत्र कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवतं, आणि आसपास ना इंजिन असतं, ना काही जळत असतं. नवा माणूस असला तर धूर कुठून येतोय ते शोधत फिरतो.

मामा : 'निवळी दुधाळ झाली म्हणजे कार्बन डायऑक्साइड' म्हणणारा मुलगा आणि 'पडद्यावर सीओ आलं म्हणजे सीओ' म्हणणारा तुझा नवा माणूस, यांत फरक काय?

भाची : फरक असा, की यंत्राच्या पुस्तिकेत कुठल्या वायूनं किती चुकीचा आकडा येईल, याचा तक्ता दिलेला असतो.

मामा : वाचतो कोण?

भाची : मी वाचायला लावते! पेट घेणाऱ्या वायूंचा सेन्सर तर आणखी लबाड. त्यात एक तापलेला मणी असतो, त्यावर वायू जळतो, त्या उष्णतेवरून आकडा. जळायला ऑक्सिजन लागतो. टाकी नायट्रोजननं भरून ठेवलेली असेल, तर आत ज्वालाग्राही वाफ गच्च असूनही आकडा शून्याजवळ येऊ शकतो. म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा बघायचा, मग दुसरा. सिलिकॉनयुक्त स्प्रे किंवा ग्रीस जवळ वापरलं की मणी निकामी होतो. शून्य दाखवत बसतो आणि आपण खूश. त्यासाठी कामाला लागण्याआधी ओळखीचा वायू सोडून यंत्र वाजतं का, ते पाहायचं. आम्ही त्याला बंप टेस्ट म्हणतो.

मामा : डायक्रोमेट आधी, निवळी नंतर. ऑक्सिजन आधी, मणी नंतर. आणि माहीत असलेल्या नमुन्यावर परीक्षा करून बघ, मग अनोळखी नमुन्यावर. हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो.

भाची : क्रम तोच आहे, मान्य. पण मामा, तुमच्या परीक्षांत एक मोठी पोकळी आहे, जी माझ्या लोकांना सगळ्यात जास्त मारते. नायट्रोजन. त्याची परीक्षा काय? काडी विझते. निवळी दुधाळ होत नाही. लिटमस बदलत नाही. रंग नाही, वास नाही. म्हणजे सगळ्यांना 'नाही' म्हणाला, तो नायट्रोजन. ही ओळख झाली का? वर्गात चार 'नाही' लिहून मुलाला पूर्ण गुण मिळतात.

मामा : ही दुखरी नस बरोबर पकडलीस. आणि तिथे फक्त मुलंच नाही, अख्खं शास्त्र शंभर वर्षं फसलं. १७८५ मध्ये कॅव्हेंडिशनं हवेतून ऑक्सिजन काढला, नायट्रोजन ठिणग्यांनी जाळून काढला. शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरला, नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नाही. काही केल्या तो कशाशी संयोग पावेना. त्यानं तसं लिहून ठेवलं आणि सगळे विसरले. सगळ्या परीक्षांना 'नाही' म्हणणारं ते नायट्रोजन, असंच चालत राहिलं. मग १८९० च्या दशकात लॉर्ड रॅलेनं वजन केलं. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगातून काढलेला नायट्रोजन, दोघांच्या घनतेत अर्धा टक्का फरक. रसायनांनी जे दाखवलं नाही ते तराजूनं दाखवलं. १८९४ मध्ये त्यानं आणि रॅमसेनं आर्गॉन जाहीर केला. आपण दर श्वासाला जवळजवळ एक टक्का आर्गॉन घेतो आणि तो कुणालाच माहीत नव्हता.

भाची : कारण त्याला विचारायला एकही प्रश्न नव्हता.

मामा : ज्यांना कुणाशी काही करायचंच नाही, त्यांना अभिकारकानं गाठता येत नाही. हेलियमचंही तेच. तो आधी सूर्यात सापडला, तोसुद्धा प्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून, जी सोडियमच्या रेषांशी जुळेना. १८६८ चं ग्रहण जान्सेननं गुंटूरला पाहिलं आणि लॉकियरनं त्याच वर्षी इंग्लंडमधून ती रेषा टिपली. आपल्याकडे मात्र सगळेच सांगतात, हेलियम विजयदुर्गावर सापडला!

भाची : सापडला नाही? आम्ही सहलीला गेलो होतो, साहेबाचे ओटे दाखवले होते.

मामा : लॉकियर विजयदुर्गला आला, ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तोवर रॅमसेनं १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातूनही हेलियम काढला होता. जागा खरी, साहेब खरा, ग्रहण खरं. शोध मात्र तीस वर्षं आधीचा. एक खूण जुळली की माणूस पुढे तपासत नाही, मग ती काडी असो की ओटा.

भाची : मग माझी मागणी ऐका. मुलांच्या वहीत तीन रकाने असतात : कृती, निरीक्षण, निष्कर्ष. चौथा घाला : 'आणखी काय असू शकतं?' ऑक्सिजनपुढे लिहा, नायट्रस ऑक्साइड. दुधाळ निवळीपुढे, सल्फर डायऑक्साइड. हायड्रोजनच्या 'फट्' आवाजापुढे, हवेत मिसळलेला कुठलाही ज्वालाग्राही वायू, मिथेन, ॲसिटिलीन. आणि प्रत्येकापुढे दुसरी परीक्षा.

मामा : हायड्रोजनचं मी नेहमी करून घ्यायचो. दाणेदार जस्त, सौम्य आम्ल, नळी पालथी. जळल्यावर नळीच्या आत बाष्प धरतं. पांढरं निर्जल कॉपर सल्फेट त्यानं निळं झालं की पाणी. मग त्याच नळीत निवळी हलवायची. दुधाळ झाली तर वायूत कार्बन होता, म्हणजे मिथेनसारखं काही. नाही झाली तर हायड्रोजन. आणि अगदी शुद्ध हायड्रोजन शांतपणे जळतो, आवाज करतो तो हवेत मिसळलेला, हेही. चौथा रकाना मला मान्य आहे.

भाची : आणि सुरुवात त्यानंच करा. पहिल्या दिवशी दोन नळ्या द्या, दोन्हींत निवळी दुधाळ होईल अशा. मुलांना फसू द्या. परीक्षा फसवते हे आधी कळलं पाहिजे.

मामा : पहिल्या दिवशी नाही! 'फट्' ऐकून पोरं दचकतात, खिदळतात, 'सर, पुन्हा' म्हणतात. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आपल्याला उत्तर देते, हे आधी त्यांना वाटू दे. कशावरच विश्वास नसेल, तर शंका तरी कशावर घेतील?

भाची : एकदा बसलेला विश्वास हलत नाही, हे मी टाक्यांच्या तोंडाशी रोज पाहते.

मामा : बरं, दुसऱ्या तासाला.

भाची : त्याच तासाला.

मामा : अगं, पस्तीस मिनिटांचा तास असतो. त्यात हजेरी आली, नळ्या धुणं आलं.

भाची : मग तुमचा 'फट्' दहा मिनिटांत उरका. उरलेली पंचवीस मला द्या.